टोकाची बाजू आधी

काशिराम तांडेलाला आजवर उलटे सल्ले कमी मिळाले नव्हते, पण इतका उलटा सल्ला कुणी दिला नव्हता. तोही पनवेलला, दातांच्या कॉलेजात, आजूबाजूच्या सगळ्या खुर्च्यांवर माणसं आ वासून पडलेली असताना, आणि एका पोरसवदा डॉक्टरणीकडून.

झालं होतं असं. करंजाच्या धक्क्यावर मासळीच्या पाण्यावरून काशिरामचा पाय घसरला आणि तो तोंडावर आपटला, तो नेमका होडी बांधायच्या लोखंडी खुंटावर. वरचे पुढचे चार दात डोलायला लागले. एरवी त्यानं ते खाडीत थुंकून दिले असते. पण त्याच्या मुलाची, प्रितेशची, नवी होडी बांधून तयार होती. होडी पाण्यात लोटताना हाळी द्यायचा मान घरच्या तांडेलाचा, होडीच्या म्होरक्याचा. पुढचे दात गेले तर हाळीची नुसती हवा होणार, आणि मग तो मान जाणार बुधाजीकडे. बुधाजी म्हणजे काशिरामचा मेव्हणा. तो कित्येक वर्षं याच एका दिवसासाठी घसा खाकरत होता. बुधाजीनं आपल्या होडीला हाळी द्यायची, यापेक्षा होडी न बांधलेली बरी, असं काशिरामचं स्पष्ट मत होतं.

पनवेलच्या डॉक्टर वसुंधरानं ते चार डोलणारे दात शेजारच्या धडधाकट दातांना बारीक तारेनं बांधून टाकले. वादळात होड्या एकमेकींना बांधतात तसे. हे काशिरामला फार पटलं. अशा बांधणीवरच तिचं संशोधन चाललं होतं, कुठल्या बांधणीनं दात लवकर धरतो आणि कमी दुखतो याचं. दुखतं तर फार, आणि दुखण्याची गोळी घेतली की काशिरामच्या पोटात भट्टी पेटायची.

"मग काका, खालून ठेवायचं औषध देते," वसुंधरा म्हणाली. "पोटाला त्रास नाही. तिथल्या शिरांतून सरळ रक्तात उतरतं."

"खालून म्हंजी कुठून?"

तिनं सांगितलं. काशिराम खुर्चीतून अर्धा उठला.

"बाय, दुखतंय वर."

"माहीत आहे. तार मीच बांधलीय."

हे औषध अंगात नीट कसं जिरेल, यावरही शेजारच्या फार्मसी कॉलेजाबरोबर तिचं काम चाललं होतं. मेणासारखी छोटी कांडी, एक टोक निमुळतं, दुसरी बाजू चपटी. निम्म्या पेशंटांनी टोक आधी घालायचं, निम्म्यांनी चपटी बाजू. चिठ्ठी उचलली तर काशिरामच्या वाट्याला आली चपटी.

"उलटी?"

"उलटी. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की सटकतो ना? तसंच. तिथला स्नायू निमुळत्या टोकाला दाबतो आणि कांडी आत सरकते. टोक आधी घातलं तर तोच स्नायू तिला बाहेर ढकलतो, असं आम्हाला वाटतं. मग डाव्या कुशीवर अर्धा तास पडून राहायचं."

"बाय, मी तांडेल हाय. व्हडी नालंनं जाते. मासा तोंडानं जातो. उलटी जाते ती कोलंबी."

"मग हे कोलंबीचं औषध समजा," वसुंधरा म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे वळली.

काशिरामनं मान डोलावली. मनात मात्र त्यानं ठरवून टाकलं की ज्या माणसानं जन्मभर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं निमुळतं टोक, पुढे करून होड्या बंदरात आणल्या, तो ही एवढीशी होडी उलटी घालणार नाही. तिथं बघायला कोण येणार होतं?

घरी आल्यावर कांड्या वितळू नयेत म्हणून त्या गंगाबाईच्या बर्फाच्या पेटीत गेल्या, पापलेटांच्या शेजारी. "दाताचं औषध हाय, हात लावू नको," त्यानं बायकोला बजावलं. गंगाबाईनं हात लावला नाही. पण नवरा दाताचं औषध घेऊन संडासात शिरतो आणि आतून कडी घालतो, हे काही तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"आवो, दाताचं औषध तिथं जाऊन घेत्यात?"

"तिथं आरसा हाय."

"तिथं आरसा कधी व्हता?"

यावर काशिराम कुशीवर वळला. तेही डाव्या नव्हे, उजव्या.

कांडी टोकाकडून गेली आणि थोड्याच वेळात, पाहुणी चहा न घेता निघते तशी, निघून आली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दात ठणकतच राहिले. रोज संध्याकाळी वसुंधराचा फोन यायचा. प्रितेशनं बापाला चायना मोबाईल घेऊन दिला होता, आणि त्याचा आवाज कमी करायचं बटण पहिल्याच आठवड्यात आत गेलं होतं. म्हणून फोन वाजला की काशिराम धक्क्याच्या पार टोकाला पळायचा.

"सांगितलं तशीच घातलीत ना काका? चपटी बाजू आधी?"

"तशीच."

"मग राहिली?"

"नाय राह्यली."

होडी लोटायच्या आदल्या संध्याकाळी तिचा आवाज रडवेला होता. "काका, चपट्या बाजूवाल्या बाकी सगळ्यांची राहते. एकट्या तुमचीच बाहेर येते. माझे गाईड सर म्हणतात, मी पेशंटला नीट समजावलंच नसणार, सगळं काम परत कर. उद्या त्यांना शेवटचं सांगायचंय."

काशिरामनं "बघू बाय" म्हणून फोन ठेवला. त्याला त्या रात्री भाकरी गेली नाही, आणि त्याचं कारण दात नव्हते. पोरीनं आपले दात वाचवले आणि आपण तिच्याशी रोज खोटं बोलतोय, हे त्याला झोंबत होतं. पण चपटी बाजू म्हणजे चपटी बाजू.

दुसऱ्या दिवशी खाडीकाठी सगळं गाव जमलं. होडीला झेंडूच्या माळा, नारळ फुटलेला, तेल पाजलेल्या ओंडक्यांवर होडी तयार, भरती येऊन पोचलेली. काशिराम पुढे झाला, त्यानं तोंड उघडलं आणि "हां रं पोरांनूऽ" मधल्या 'रं' वरच कळ थेट मेंदूत गेली. हाळी मध्येच तुटली. कुणी जोर लावला, कुणी नाही, होडी कचकन एका अंगाला कलली. बायका किंचाळल्या. बुधाजीनं तोंडातलं पान थुंकलं आणि घसा खाकरला.

काशिरामला रडू यायचं बाकी होतं. कुठं बघावं कळेना म्हणून त्यानं होडीकडे पाहिलं, आणि बघतच राहिला.

होडीची नाळ गावाकडे होती. पाण्याकडे होती ती मागची, रुंद बाजू. होडी उलटीच पाण्यात जाणार होती. आजपर्यंत त्यानं लोटलेली प्रत्येक होडी अशीच गेली होती. आणि गडी खांदे लावून कुठं उभे होते? नाळेच्या दोन्ही अंगांना, जिथं होडी निमुळती होत जाते तिथं. तो चिंचोका, तो स्नायू, ती डॉक्टरीण, सगळं त्याच्यासमोर झेंडूच्या माळा घालून उभं होतं. नाळ लागते ती नंतर, निघताना. आत जायचं ते उलटंच.

"थांबा रं," तो म्हणाला आणि घराकडे धावत सुटला.

"भरती थांबत नाय!" बुधाजी मागून ओरडला.

काशिरामनं बर्फातली कांडी घेतली, कडी लावली आणि या खेपेला डॉक्टरणीच्या शब्दाबाहेर गेला नाही. मग डाव्या कुशीवर आडवा झाला. गंगाबाई उंबऱ्यावर येऊन बसली. तिला सगळं कळलं होतं की काहीच नाही, हे तिच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"कुठं हाय त्यो?" बुधाजी येऊन विचारू लागला.

"पूजंला बसलेत."

"पूजा तर झाली!"

"यक राह्यली व्हती," गंगाबाई म्हणाली आणि पदर खोचून दारात आडवीच झाली.

अर्धा तास गेला. कांडी राहिली. हळूहळू ठणका उतरला, जबडा मोकळा झाला. काशिराम बाहेर आला तेव्हा पाणी ओसरायच्या बेतात होतं. त्यानं छाती भरून घेतली आणि अशी हाळी दिली की झाडावरचे बगळे उडाले. तारेनं बांधलेला एकही दात हलला नाही. "हैय्या!" म्हणून गड्यांनी खांदे दिले आणि होडी मागच्या अंगानं सरसरत पाण्यात गेली, बसली, डोलू लागली. प्रितेशनं बापाच्या पायावर डोकं ठेवलं.

आणि फोन वाजला. पळायला जागा नव्हती, चारी बाजूंनी माणसं.

"काका, वसुंधरा बोलतेय," चायना मोबाईल साऱ्या खाडीला सांगू लागला. "आजची तरी राहिली का? सर समोरच बसलेत."

लाल बटण अंगठ्याखालीच होतं. बुधाजीनं कान टवकारले होते. काशिरामनं एकदा होडीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. हाळी द्यायला जो आवाज लावला होता तोच अजून लागलेला होता.

"राह्यली! आनी तुज्या सराला बी ऐकव बाय, मी आजपातूर खोटं बोललो. समद्या कांड्या मी टोकाकरनं घातल्या. आज पैल्यांदा चपटी बाजू आधी घातली आनी ती राह्यली. चूक तुजी नाय. माजी हाय!"

"कुठं घातली, बाबा?" प्रितेशनं विचारलं.

काशिरामनं तेही सांगितलं, त्याच आवाजात.

हशा असा उसळला की दोघं जण चिखलात बसले. फोनमधून वसुंधराही हसत होती, की रडत होती, आणि मागून कुणी मोठा माणूस "लिहून घ्या, लिहून घ्या" म्हणत होता. काशिरामला वाटलं होतं तेवढी काही लाज वाटली नाही. त्याला भूक लागली होती.

एकटा बुधाजी हसला नव्हता. संध्याकाळी तो गालावर हात धरून आला आणि गंगाबाई आत गेल्याची खात्री करून हळूच म्हणाला, "भावजी, दाढ लय ठनकतेय. गोली मना बी सोसत नाय. हाय का यखादी शिल्लक?"

"डॉक्टरनीला इचारल्याबिगर नाय. सकाली पनवेलला चल माज्यासंगं."

"चलतो. पन मी टोकच आधी घालीन हां. मी बी दर्यातला मानूस हाय."

काशिरामनं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला धक्क्याकडे वळवलं. नवी होडी पाण्यात शांतपणे डुलत होती.

"ती कशी गेली, बगलंस ना?"

"बगलं. नालंला माजाच खांदा व्हता."

"मंग झालं तर."

बुधाजीनं होडीकडे पाहिलं, मग काशिरामकडे पाहिलं, आणि कमरेला नेसलेला रुमाल जरा घट्ट बांधला.