तीन मिलिमीटर

भाऊरावांनी शेवटचा बोल्ट सोडवला आणि पंख्याभोवतीची फायबरची रिंग दोन्ही हातांनी उचलून भिंतीला टेकवली. मास्तरांच्या पत्नी अलकावहिनी दारात उभ्या होत्या. सौंसरच्या या शेडमध्ये पूर्वी संत्री निवडत. गेली सहा वर्षं इथे एका माणसापुरतं विमान उभं होतं. प्रभाकर मास्तरांनी ते स्वतः बांधलेलं. मास्तर दोन महिन्यांपूर्वी झोपेतच गेले. उद्या नागपूरच्या एका कॉलेजची गाडी ते न्यायला येणार होती.

“रिंग काऊन काढली, भाऊजी?”

“एक मोजमाप राहून गेलं, वहिनी. तेवढं करून घेतो.”

दोन वर्षं दोघा मित्रांत या रिंगेवरून वाद होता. मास्तर म्हणत, पंखा उघडाच राहू द्या, उगीच वजन कशाला. रेल्वेत फिटर म्हणून जन्म घालवलेले भाऊराव ऐकत नसत. रिंगेशिवाय हवा पात्यांच्या टोकांवरून निसटते, विमान जमीन सोडणार नाही, हे त्यांचं म्हणणं. त्यात पातं आणि रिंग यांच्यात तीन मिलिमीटरचीच फट हवी. ती कधी जमली नाही. कुठे पातं घासायचं, कुठे बोट जाईल एवढी जागा राहायची. दर रविवारी भाऊराव पांढुर्ण्याहून बसने यायचे आणि दोघं दिवसभर त्या रिंगेशी झटायचे. दुपारी अलकावहिनींच्या हातची भाकरी. दोन वर्षांपूर्वी बायको मालती गेली, तेव्हापासून भाऊरावांच्या घरी रविवारी चूल पेटत नव्हती.

त्यांनी विमानाच्या मागच्या आसाला दोर बांधून तो खांबाला अडकवला, मध्ये कापूस मोजायचा काटा लावला. इंजिन सुरू केलं. बाजूला उभं राहून इंजिनाचा वेग वाढवणारी केबल हळूहळू ओढली. शेडभर धूळ उठली, दोर ताणला गेला, काटा सरकू लागला. उडायला पंचाहत्तर किलोची ओढ पुरे होती. उघडा पंखा साठाच्या वर जाणार नाही, असं ते मास्तरांना सांगत आले होते.

काटा चौऱ्याऐंशीवर जाऊन थांबला.

त्यांनी इंजिन बंद केलं. केबल मात्र हातातच राहिली.

“चौऱ्याऐंशी ना?” अलकावहिनींनी विचारलं. दारातून काटा दिसत नव्हता.

भाऊराव वळले.

“त्याईनं मोजलं होतं. रिंग बसवायच्या आधीच. मलेच काट्यापाशी उभं केलं होतं.”

“मंग मले सांगितलं काऊन नाही?”

वहिनींनी विमानाच्या पंखावरची धूळ तळहाताने जराशी पुसली.

“म्हणे, उडता तर कवाही येते. काम संपलं तर भाऊराव रविवारी कुठं जाईन?”

भाऊराव तिथेच जमिनीवर बसले. त्यांनी विचारलं,

“मास्तरले उडायचं होतं ना, वहिनी?”

“होतं,” त्या म्हणाल्या, आणि भाकरीचं पीठ मळायला घरात गेल्या.