ओठाआडचा घट्टा

एस्टेपांच्या घरी रविवारी दुपारचं जेवण भांडणाशिवाय पार पडलं, तर शेजारी विचारपूस करायला येतील. कारणही ठरलेलं. ओट्यावर, धुतलेल्या कपांशेजारी, कोल्ड्रिंकची एक रिकामी बाटली उभी असे आणि डॅरेल एस्टेप त्यात तंबाखूची पिंक टाकत असे.

"ती बाटली उचल तिथून! नाहीतर एक दिवस तुझ्या कॉफीतच ओतीन," त्याची बायको लोरीना म्हणाली.

डॅरेल नुसता हसला. आमच्या या दरीत अशा बाटल्या घरोघरी आहेत. पश्चिम व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्याला आत विडी-सिगारेट पेटवता येत नाही. एक ठिणगी पडली की आतला वायू भडकून आख्खा डोंगर अंगावर यायचा! म्हणून माणसं खालच्या ओठाआड तंबाखूचा बार भरतात. वर एक समजूतही पक्की आहे, की तंबाखूने तोंड ओलं राहतं, धूळ तिथेच अडकते आणि फुप्फुसं वाचतात. डॅरेलचा बाप खाणीच्या धुळीने छाती भरून याच घरात गेला, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून. जाण्याआधी त्याने मुलाला हेच बजावलं होतं, "बार सोडू नकोस. तोच तुला वाचवील." बापाचं मरण ज्याने पाहिलंय तो अशी गोष्ट विसरत नाही.

त्या दिवशी घरात जरा जास्तच गडबड होती. डॅरेलची मुलगी टेसा उद्यापासून खाणीत कामाला लागणार होती. नव्या कामगाराचं लाल हेल्मेट खुर्चीवर मानाने बसलं होतं. लोरीनाची बहीण ट्वायला मुद्दाम जेवायला आली होती. ती गावातल्या दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. टेबलावर घेवड्याची पातळ उसळ, मक्याचा पाव, चिरलेला कांदा आणि शेगडीवरून नुकतीच उतरलेली कॉफी.

डॅरेलने वाफाळता कप उचलला आणि मोठा घोट घेतला.

"अरे, आत्ता उकळलीय ती!" ट्वायला ओरडली.

"मग? माझा ओठ पक्का झालाय." त्याने ऐटीत खालच्या ओठावर बोट आपटलं. "पहिल्या वर्षी नुसती आगआग व्हायची. मग आतून घट्टा पडला, हाताला पडतो तसा. आता निखारा ठेव, कळायचं नाही."

ट्वायलाने चमचा खाली ठेवला. "दाखव."

"रविवारी पण दात मोजतेस काय?"

"डॅरेल, दाखव म्हणते ना!"

तिच्या आवाजात असं काही होतं, की तो खरोखरच उठून खिडकीशी गेला. तिने ओठ उलटा करून उजेडात पाहिला. बार ठेवायच्या जागी आतलं अस्तर पांढरं, जाड आणि सुरकुतलेलं होतं. त्याच्या मधोमध एक लालभडक ठिपका. लोरीनाने ओट्याची कड धरली.

"मी डॉक्टर नाही," ट्वायला म्हणाली. "पण याचा तुकडा काढून तपासायला हवा. उद्याच."

"घट्ट्याचा तुकडा? खुळी की काय!"

"तळहाताचं कातडं जाड असायलाच हवं. हिरड्या आणि टाळूसुद्धा जरा राठ असतात, कारण घास तिथे घासतो. पण ओठाच्या आणि गालाच्या आतलं अस्तर मऊ आणि ओलंच राहायला हवं. त्याच्याखाली लाळेचे बारीक बारीक झरे असतात, ते त्याला ओलं ठेवतात. वरचा थर रोज झिजतो आणि खालून नवा येतो, म्हणून तर गाल चावला गेला तरी दोन-चार दिवसांत भरून येतो. विष आत शिरू न देणं आणि गरम, तिखट, टोचरं लागलं की ओरडून सांगणं, ही त्याची कामं. तुझं अस्तर वर्षानुवर्षं ओरडत होतं. ते गप्प झालं आणि तुला वाटलं, पक्कं झालं!"

"तुला तोंड दिसतं, मला छाती दिसते," डॅरेल उसळला. "बाप या खोलीत गुदमरून गेला! धूळ अडवतो मी."

"छाती पोखरणारी धूळ डोळ्यांनासुद्धा दिसत नाही. ती श्वासाबरोबर सरळ आत जाते, तुझ्या बाराला विचारत नाही. तिला अडवायला मास्क आहे, पाण्याचा फवारा आहे. बरं, मला एक सांग. तू खाणीचं छत ढासळू नये म्हणून त्याला बोल्ट मारतोस. आधी सळईने ठोकून बघतोस ना?"

"बघतो."

"खणखणीत वाजलं तर?"

"छत धड आहे."

"आणि बद्द वाजलं तर?"

डॅरेलला उत्तर ठाऊक होतं. बद्द वाजणाऱ्या छताखाली कुणी उभं राहत नाही. आतून थर सुटलेला असतो.

पण माणूस हट्टी! त्याने तावातावाने खिशातून तंबाखूची नवी कोरी डबी काढली आणि टेबलावर आपटली. "बास झालं तुझं शास्त्र! माझ्या पहिल्या दिवशी बापाने मला डबी दिली होती. उद्या माझ्या पोरीला मी देणार. या घरची रीत आहे ती!"

ताण सहन न होऊन टेसा आणखी पाव आणायला उठली आणि शेगडीकडे वळली. तेव्हा डॅरेलला ते दिसलं. तिच्या जीन्सच्या मागच्या खिशावर एक फिकट गोल वण उमटला होता. असा वण कशाने उठतो हे या दरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रोज डबी खिशात असली की कापड तेवढंच गोल झिजतं.

"टेसा," त्याने तिच्या खिशाकडे बोट दाखवलं. "कधीपासून?"

ती ओशाळून हसली. "तयारी करत होते, डॅडी. पहिल्याच दिवशी बार भरून सगळ्यांसमोर ओकले असते तर? तुझी पोर म्हणून हसले असते." तिने ओठ खाली ओढून दाखवला. आतलं अस्तर लालबुंद, सोललेलं होतं. "फार जळतं रे. जेवताना डोळ्यांतून पाणी येतं. पण तूच म्हणतोस ना, घट्टा पडला की थांबतं?"

अरेरे! ज्या घट्ट्याची त्याने आयुष्यभर फुशारकी मारली, तोच आता पोरीला हवा होता! तिचं तोंड अजून जिवंत होतं आणि जिवाच्या आकांताने ओरडत होतं. ते गप्प करायचं औषध बाप स्वतःच्या हाताने देणार होता.

डॅरेल उठला. त्याने टेबलावरची डबी उचलली, टेसापुढे हात पसरून तिचीही मागून घेतली आणि दोन्ही शेगडीत टाकल्या. मग ओट्यावरची बाटलीही उचलली.

"ट्वायला," तो पाठमोराच म्हणाला, "उद्या किती वाजता येऊ?"

सकाळी टेसा लाल हेल्मेट घालून निघाली, तेव्हा डॅरेलने तिच्या हातात छत ठोकायची आपली जुनी सळई दिली. "बद्द वाजलं की मागे फिर, कुणी कितीही हसलं तरी. आणि मास्क काढायचा नाही!" मग तो स्वतः दवाखान्यात गेला.

तुकडा तपासायला गेला. निकाल येईपर्यंत त्या घरात कुणाला धड घास गेला नाही. डॅरेल फोन वाजला की बाहेर ओसरीवर जायचा, फोन लोरीनाच घ्यायची. अखेर कळलं, की अस्तराच्या पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण रोग खाली उतरला नव्हता. तेवढा भाग कापून काढावा लागला. थोडा उशीर झाला असता तर जबड्यावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तपासण्या मात्र कायमच्या मागे लागल्या. पहिल्या पहिल्यांदा तंबाखूच्या तलफेने तो घरभर चिडचिड करत फिरायचा आणि लोरीना ते मुकाट सोसायची.

अशाच एका रविवारी सगळे पुन्हा टेबलाशी बसले होते. डॅरेलने सवयीने कॉफीचा मोठा घोट घेतला आणि ताडकन उठला.

"भाजलं! अगं, भाजलं मला!"

लोरीना पाणी घ्यायला धावली, पण तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टेसाही हसायला लागली. तिचा ओठ केव्हाच भरून आला होता.

वाचकहो, तुमच्या खिशात डबी असेल नाहीतर पुडी, तोंडाच्या आतलं अस्तर सगळ्यांचं सारखंच मऊ असतं. ते जळतं तेव्हा तुमच्या बाजूने बोलत असतं. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका. आज आरशासमोर उभे राहा आणि ओठ उलटा करून बघा. पांढरा किंवा लाल डाग दिसला, तर आधी दवाखाना गाठा. आणि पोरांच्या हाती काय द्यायचं याचा एकदा विचार करा. ती आपल्याकडेच बघत असतात.