चकचकीत गुडघा

गुडघा फुटून तीन दिवस झाले होते आणि सून सासऱ्यांशी मोजून चार शब्द बोलत होती. चहा ठेवलाय. औषध घ्या.

सासरे म्हणजे गल्लीतले कवळीवाले. चाळीस वर्षं दातांच्या कवळ्या घडवून निवृत्त झालेले, आणि त्या दिवशी उगाच नाक खुपसायला गेलेले. सुनेच्या कपाटातली हातभर उंचीची बाहुली ‘बघू तरी’ म्हणून उचलली, ती निसटली, आणि डाव्या गुडघ्यातल्या गोल सांध्याचे दोन तुकडे झाले. विकतची असती तर दुसरी आणून देता आली असती. पण ही सुनेने दोन वर्षं खपून स्वतः घडवलेली, साच्यात रेझीन ओतून काढलेली. साचा तेव्हाच तडकून गेला होता. असा गुडघा जगात दुसरीकडे कुठेच मिळणार नव्हता.

“दे इकडे,” चौथ्या सकाळी ते म्हणाले. “मी जोडतो.”

“बाबा, ते दात नाहीत.”

“अगं, रेझीनच ना? माझा जन्म गेला त्यात.”

तिने बाहुली दिली खरी, पण शेजारी ठाण मांडून बसली. आतली रबरी दोरी तिने आकड्याने ओढून काढली, तसे हात, मांड्या, नडग्या, डोकं, सगळे टेबलावर सुटे झाले. सगळं आतून पोकळ.

“ना खिळा, ना डिंक. एका दोरीच्या ताणावर ही उभी राहते?”

“राहत होती.”

कवळीवाले कामाला लागले. दोन्ही तुकड्यांत बारीक भोकं पाडली, आत तारेचे तुकडे बसवले, चिकटवून दिवसभर दाबून ठेवलं. दुसऱ्या दिवशी घासलं आणि सवयीने असं पॉलिश केलं की त्यात खिडकी दिसायला लागली. सुनेने नख फिरवून पाहिलं. जोड सापडेना.

“आहे की नाही?” ते फुशारले.

दोरी ओवून बाहुली उभी केली, तर गुडघा घसरून मिटला. दोरी आणखी ताणली, तर नडगी उसळली ती थेट त्यांच्या चष्म्यावर.

“बरोबर माणसाला लाथ मारली,” सून इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. पण पाचव्यांदाही बाहुली कोसळली तेव्हा तिचा चेहरा पडला.

तिने गुडघा उजेडात धरला. “बाबा, इतका गुळगुळीत केलात, तर पकड कशी राहणार?”

“खरखरीत ठेवला असता तर लोकांच्या हिरड्या सोलल्या असत्या!”

“हिला हिरड्या नाहीत.”

स्वतःच आणलेली चकाकी स्वतः खरवडायची म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर आलं, पण खरवडली. सुनेने खोबणीत मऊ कातड्याचा तुकडा चिकटवला, दोरी ओवली आणि हात काढून घेतला.

बाहुली उभी राहिली. जोडलेल्या पायावर सगळा भार देऊन, दुसरा जरा सैल सोडून, मान किंचित वळवून, कुणीतरी हाक मारल्यासारखी. आत काही नाही हे कवळीवाल्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी त्या बाहुलीसमोर मोठ्याने बोलायची त्यांना भीड वाटली. हजारो लोकांना त्यांनी दात करून दिले होते, पण त्या दातांनी कोण कसं हसलं हे कधी पाहिलं नव्हतं.

“हे तू केलंस?” ते हळूच म्हणाले. चार वर्षं ते हिच्याबद्दल ‘आमची सून बाहुल्या खेळते’ असं सांगत आले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सुनेचे डोळे भरून आले. “बसवा तिला खुर्चीवर. तुम्हीच.”

त्यांनी हात मागे घेतले. “नको गं. परत पडली तर?”

“पडली तर परत जोडाल.”

त्यांनी दोन्ही हात शर्टाला पुसले आणि बाहुलीला अलगद कमरेशी धरलं.