दोन पंगतींचं यंत्र

“दिव्यांना इचारून मानसा जेवाया बसवनार? काय गो मैने, येड लागला का तुला?” कमळाकर ओरडले.

मैना वडिलांकडे बघून हसली. पनवेलच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवता शिकवता तिने तीन वर्षं खपून ही दिव्यांची पाटी बनवली होती. घरात सगळे तिला ‘मैनीचा डिस्को’ म्हणत. आज तिच्या धाकट्या भावाचा, प्रणितचा साखरपुडा होता. ओवे गावातली भावकी जमिनीच्या वाट्यांवरून अशी फाटलेली, की मागच्या कार्यात माणसं भरल्या पानावरून उठून गेली होती. आज तसं झालं तर मुलीकडचे काय म्हणतील, या धास्तीने कमळाकरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पंगती दोनच. कोणाला पहिलीत बसवायचं, कोणाला यजमानांबरोबर दुसरीत?

मैनाने प्रत्येक घराला एकेक दिवा दिला. ज्यांचं वाकडं, त्यांचे दिवे असे जोडले की एक लागला की दुसऱ्याने विझायला बघावं. बटण दाबताच सगळे वेड्यासारखे लुकलुकले. मग उताराने पाणी वाट काढतं तसे एकमेकांना ढकलत हळूहळू लयीत आले. अर्धे लागत तेव्हा अर्धे विझत; एकत्र लागणारी घरं एका पंगतीत. आकडेमोड कोणी केलीच नव्हती. कमीत कमी भांडणाची जागा विजेने आपली आपणच गाठली होती.

“पन ह्ये तारेनं जोडलेलं दोन संगती कसं लागतान?” कमळाकरांनी दोन दिव्यांकडे बोट दाखवलं.

मैनाचा आवाज खाली आला. “तुमी नि काशीरामकाका. तुमचा, काकांचा नि वरच्या आळीवाल्यांचा, तिघांचा एकमेकांशी वाकडा हाय. पंगती दोन. एक जोडी एकत्र येनारच, बाबा.”

काशीराम म्हणजे कमळाकरांचा सख्खा भाऊ. कित्येक वर्षांचा अबोला. कमळाकर तडक बाहेर मांडवात निघून गेले.

पहिली पंगत सुखरूप उठली. दुसरीत काशीराम मान ताठ करून बसले होते. शेजारी कमळाकर येताना दिसले तसा त्यांनी उठायला जमिनीवर हात टेकला. सगळ्या मांडवाचे घास थांबले.

कमळाकरांनी वाढप्याच्या हातातली वड्यांची टोपली घेतली.

“बस रे काशा. तू उठशील तं माज्या पोरीचा यंत्र खोटा पडल.”

काशीरामांनी एकदा मैनाकडे पाहिलं. मग टेकलेला हात उचलून पानापुढे घेतला.

“मंग वाढ ना. बघतोस काय?”

कोणी उठलं नाही. एकही माणूस नाही! मैनाला वाटलं, आत्ता मांडवभर नाचावं. कमळाकर तर व्याह्यांना हाका मारमारून सांगत होते, “पंगत आमच्या मैनीच्या यंत्रानं बसवली!”

जेवणं झाल्यावर मैना पाटी आवरायला निघाली. मांडवाच्या कडेला काशीराम ओंजळ पुढे करून वाकले होते, आणि कमळाकर त्यांच्या हातांवर तांब्याने पाणी घालत होते.