चालते की नाही

"काका, गाडी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली पाहिजे. नाहीतर दुपारी टो ट्रक बोलावणार," अतुल म्हणाला.

अतुल कॉलनीच्या कमिटीचा सेक्रेटरी. हातात आयपॅड, मागे उभी स्वतःची नवी इलेक्ट्रिक गाडी. बंद पडलेली गाडी ड्राइव्हवेत ठेवायची नाही, असा अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या या कॉलनीचा नियम. आणि पुरुषोत्तमची लाल मस्टँग, मॉडेल एकोणसत्तर, जुलैपासून जागची हललेली नव्हती.

"आज दसरा आहे. आधी पूजा," त्याच्या बायकोनं, शरयूकाकूंनी बजावलं. घरात लिंबू एकच निघालं. ते त्यांनी एका चाकाखाली ठेवलं. दुसऱ्याखाली सरळ नारळ.

"काकू, नारळ फोडतात ना?"

"मग चाक काय करणार आहे? कुरवाळणार?"

पुरुषोत्तमनं पस्तीस वर्षं इन्शुरन्सच्या ऑफिसात लोकांचे चुकलेले पत्ते दुरुस्त केले. तीन कॅमरी गाड्या वापरल्या, तिन्ही ग्रे. आपल्या लोकांत गाडीचे गुण दोनच, मायलेज आणि रिसेल. पण स्टुडंट असताना तो बसस्टॉपवर उभा होता, तेव्हा असलीच एक लाल मस्टँग डरकाळी फोडत गेली आणि त्याच्या एकुलत्या एक चांगल्या पँटवर बर्फाचा चिखल उडवून गेली. दुसऱ्या कुणी शिव्या घातल्या असत्या. हा प्रेमात पडला. ज्यानं जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता, त्याला तो आवाजच आवडला. रिटायर झाल्या महिन्यात त्यानं ती घेतली.

त्यानं चावी फिरवली. खोकला. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा अशी गरजली की समोरच्या झाडावरच्या दोन खारी खाली आल्या.

"काका, आवाज! बंद करा आधी!"

"बंद केली की 'चालत नाही' लिहिशील! बाजूला हो!"

पुरुषोत्तम ओरडला. स्वतःच दचकला. दचकून त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर पडला. लिंबू चिरडलं. नारळ मात्र बोटांत दाबलेल्या चिंचोक्यासारखा सटकला आणि अतुलच्या गाडीच्या बंपरवर जाऊन खाडकन फुटला. पाणी उडालं, अलार्म बोंबलायला लागला.

"अगं बाई, तुझ्याही गाडीची पूजा झाली रे! फुकटात!" काकू म्हणाल्या.

मस्टँग कोपऱ्यापर्यंत गेली. झोकात वळली. आणि घराकडे तोंड करून बंद पडली.

अतुल धावत आला. "बघा! मी 'नाही' लिहितोय."

पुरुषोत्तम उतरला. बॉनेट उघडलं नाही. एक हात खिडकीतून स्टिअरिंगवर, खांदा दाराच्या चौकटीला. काकूंनी पदर खोचला आणि स्नीकर्स रोवून मागून जोर लावला. गाडी इंचभर सरकली. मग हातभर.

"काका, असं नाही चालत!"

"चालतेय की," पुरुषोत्तम धापा टाकत म्हणाला. "डोळ्यांनी बघ, मग लिही."

"अहो, पण ढकलून—"

"आमच्यात चालतं," काकू मागून म्हणाल्या.

अतुलचं बोट आयपॅडवर अधांतरी राहिलं. मागून स्कूल बस आली आणि थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही. घर अजून आठ मेलबॉक्स लांब होतं, आणि पुरुषोत्तमनं मान वर न करता हात बाहेर काढून बसला खूण केली: थांब, गाडी जातेय.