दिलीपरावांच्या उजव्या कानातून

मी कानाचं यंत्र बोलतोय. दचकू नका, माझा आवाज कुणालाच ऐकू जात नाही. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज पोचवायचे, हेच माझं नशीब. मी दिसायला शेंगदाण्याएवढा आणि रंगानं राखाडी. कानामागे बसतो आणि एक बारीक नळी कानात सोडतो. भोपाळला शाहपुऱ्यात, तळ्यापासून दोन गल्ल्या आत राहणाऱ्या दिलीप पुराणिकांचा उजवा कान हे माझं घर. डाव्या कानात काही राम उरला नव्हता, म्हणून मी एकटाच आलो.

मला बनवलं तेव्हाच माझ्या डोक्यात एक नियम भरला गेला. माणसाचं बोलणं पुढे, बाकी सगळं मागे. पंखा, कुकर, हॉर्न, भांडी हा सगळा गोंगाट, तो दाबायचा. दुसरा नियम माझ्या स्वतःच्या अब्रूचा. माझ्या जातीची यंत्रं कधीकधी आपणहून शिट्टी मारतात, लांब आणि एकसुरी, चारचौघांत मान खाली घालायला लावणारी. म्हणून असा लांब, चढा, एकच सूर कुठूनही आला की ती आपलीच शिट्टी समजून मी तिचा गळा दाबतो. मी हुशार आहे असा माझा दावा नाही. मी आज्ञाधारक आहे.

माणसांची एक खोड मला कधी कळली नाही. आंधळ्याला हात धरून रस्ता ओलांडून देतात, आणि बहिऱ्याला हसतात. मी येण्याआधी लग्नाकार्यात भाचेमंडळी दिलीपरावांसमोर नुसते ओठ हलवायची, आणि ते "हो, हो" म्हणाले की खिदळायची. दिलीपरावांना ते कळायचं. तरी ते "हो, हो" म्हणायचे, कारण पोरांचा विरस कशाला करायचा.

कान कशानं गेले यावरून घरात दोन पक्ष होते. दिलीपराव गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. पत्र्याची झाकणं कापणारे प्रेस दिवसभर धाडधाड चालायचे. कानात कापूस घालावा तर घाव तिरका बसल्याचं आवाजावरून कळायचं नाही, आणि मग गाठ थेट बोटांशी. "आम्ही बोटं वाचवली, कान दिले," असं ते म्हणत. त्यांच्या पत्नी कांचनताई आणि मुलगी अबोली यांना मात्र हे पटत नसे.

"प्रेसवर इतके लोक होते, त्यांचे तर ठीक आहेत कान," कांचनताई म्हणायच्या. त्या मूळच्या उज्जैनच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. "तुमचे कान त्या भट्टीवाल्यांनी खाल्ले."

भट्टीवाले म्हणजे 'ग्रे फर्नेस' नावाचा विलायती बँड. दिलीपराव इंदूरला डिप्लोमा करत होते तेव्हा होस्टेलवर गिरीश नावाच्या मित्रानं एक कॅसेट आणली. कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटवरून उतरवलेली. गाण्यापेक्षा खरखरच जास्त. वाजवणारे दिसतात कसे हेही दोघांना ठाऊक नव्हतं. पण त्या दिवसापासून जे धरलं ते धरलं. पुढे गाणारा बदलला, त्यावरून दोघं मित्र तीन महिने बोलत नव्हते. बास गिटारवाला सोडून गेला, परत आला. ड्रमवाला वारला. भट्टीवाले वाजवत राहिले आणि हे दोघं ऐकत राहिले. दोघांचीही डोकी पांढरी झाली, तरी नवी रेकॉर्ड आली की शाळकरी पोरांसारखे एकमेकांना फोन करायचे.

"बाबा, हा सगळा नुसता गोंधळ आहे," अबोली एकदा म्हणाली होती. ती शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते आणि रविवारी आईवडिलांकडे येते.

"बेटा, कारखान्यातला आवाज माझ्यावर पडायचा," दिलीपराव म्हणाले. "हा मी निवडलेला. इतका मोठा आवाज आणि तो बरोबर तालावर. घाव पडणार म्हणजे पडणारच, आणि तरी कुणाचं बोट जाणार नाही. मला ते फार मोठं वाटतं." अबोली हसली. मी हसलो नाही. मला हसता येत असतं तरी हसलो नसतो.

कांचनताईंच्या हट्टापायी मी आलो, आणि मला बसवलं भाग्यश्री मॅडमनी, कान तपासण्याच्या दवाखान्यात. मला चालू केल्यावर पहिला आवाज मी पोचवला तो कांचनताईंचा. "अहो, येतंय का ऐकू?"

"ओरडतेस कशाला?" दिलीपराव म्हणाले.

कांचनताई म्हणाल्या, "इतकी वर्षं ओरडून ओरडून माझा आवाजच असा झालाय हो." आणि त्यांना रडू आलं. ते रडणंही मी नीट पोचवलं, मला अभिमान वाटला.

त्यानंतरचे महिने फार चांगले गेले. कांचनताई सकाळी पेपर मोठ्यानं वाचायच्या, आणि दिलीपराव मध्येच हटकायचे. बिट्टन मार्केटातून भाजी आणताना दोघं रस्ताभर बोलायचे. वाद घालायचे, टोमणे मारायचे. लग्नानंतरची कितीतरी वर्षं जे बोलायचं राहून गेलं होतं ते आता व्याजासकट निघत होतं. या सगळ्यासाठीच तर मला घडवलंय, असं मला वाटे.

मग भट्टीवाल्यांनी जाहीर केलं, आता बस. शेवटची मैफल होणार होती. गिरीशनं ती घरी टीव्हीवर लावायची सोय केली आणि संध्याकाळी समोसे घेऊन हजर झाला.

त्यांचं एक जुनं गाणं आहे. गाण्याच्या मध्यावर ड्रम थांबतो, बास थांबतो, गाणारा बाजूला होतो, आणि गिटारवाला एकच सूर धरतो. धरूनच ठेवतो. पहिल्या कॅसेटवर तो सूर एका श्वासाएवढा होता. पुढे दर मैफलीत लांबत गेला. ड्रमवाला वारला त्या वर्षी गिटारवाल्यानं तो इतका धरला की समोरचे हजारो लोक चिडीचूप झाले. आता गिटारवाला पंचाहत्तरीच्या पुढचा, बोटं सुजलेली. "यार दिल्या, आज बघ, आज सोडणारच नाही तो," गिरीश म्हणाला.

ड्रम थांबला, बास थांबला. सूर आला.

आणि मी तो दाबला. लांब, चढा, एकच सूर. माझ्या लेखी ती शिट्टी होती. तो पुन्हा वर आला, मी पुन्हा दाबला. दिलीपरावांच्या कानात काहीतरी थरथरलं आणि मग काहीच नाही. टीव्हीवर एक म्हातारा माणूस डोळे मिटून गिटारला वाकलेला आणि त्याच्यातून काही येत नाही, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी मला बोटानं दाबून पाहिलं, काढलं, परत घातलं. तोवर लोक टाळ्या वाजवायला लागले होते.

गिरीश रडत होता. "सुना तूने? क्या पकड़ा है यार!"

"सुना," दिलीपराव म्हणाले आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्याच दिवशी ते भाग्यश्री मॅडमकडे गेले. मॅडमनी माझ्याशी बरीच खटपट केली, पण स्पष्ट सांगितलं, "काका, हे बोलण्यासाठी आहे. गाणं यात असंच येणार." मग दिलीपरावांनी दुसरा मार्ग काढला. मला काढून डबीत ठेवायचं, आणि गिरीशकडचा मोठा हेडफोन उघड्या कानावर चढवून आवाज पूर्ण सोडायचा. मॅडम म्हणाल्या, अशानं उरलासुरला कानही जाईल. ते म्हणाले, "थोडंच ऐकतो."

घरात तह झाला. कांचनताईंनीच केला. "जेवण झालं की मी पडते. चहापर्यंत तुमची भट्टी. चहानंतर कानात मशीन, आणि मग फक्त माझं ऐकायचं. मंजूर?"

"मंजूर."

रोज दुपारी मी डबीत जायचो. डबीत मी बंद असतो, म्हणून आता एका दुपारचं जे सांगतोय ते मागाहून लोकांच्या बोलण्यातून कळलेलं. दिलीपराव मागच्या खोलीत हेडफोन लावून बसले होते. स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठलेल्या कांचनताईंना लकव्याचा झटका आला आणि त्या ओट्याशी पडल्या. त्यांची शुद्ध गेली नव्हती. वाचाही लगेच गेली नव्हती. त्यांनी हाक मारली. शेजारचे प्रभाकरकाका, भिंतीला भिंत, त्यांनी ती ऐकली.

नंतर हॉस्पिटलच्या बाकावर ते पुन्हापुन्हा तेच सांगत होते. "वहिनी 'अहो, अहो' करून राहिल्या होत्या. बराच वेळ. मला वाटलं, रोजचंच आहे. दिलीपला ऐकू येत नाही तर त्या हाका मारतातच ना. मी टीव्ही पाहून राहिलो होतो. त्यांनी माझं नाव घेतलं असतं, 'धावा' म्हटलं असतं, तर मी भिंत फोडून आलो असतो हो."

पण त्यांनी 'धावा' म्हटलं नाही. जन्मभर नवऱ्याला नावानं हाक न मारलेल्या बाईनं त्या वेळीही 'अहो'च म्हटलं. आणि त्या घरातून येणाऱ्या 'अहो'ची सगळ्या गल्लीला इतकी सवय झाली होती की ते कुणी ऐकलंच नाही.

चहाची वेळ टळली तेव्हा दिलीपराव उठून बाहेर आले.

डॉक्टर म्हणाले, जरा लवकर आणायला हवं होतं. डॉक्टर हे वाक्य फार सहज बोलतात. उजवी बाजू गेली. वाचा गेली. मला त्या दिवशी संध्याकाळी कानात घातलं, आणि मी तयारच होतो, माणसाचं बोलणं पुढे आणायला. पण कांचनताईंकडून आणण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अबोली एकदाच बोलली, भिंतीकडे बघत. "बाबा, तुम्ही गाणी ऐकत होतात."

कानांवरून घरात इतकी वर्षं वाद झाला, पण दिलीपरावांनी भट्टीवाल्यांवर कधी आळ येऊ दिला नव्हता. प्रेस, प्रेस, असंच ते शेवटपर्यंत म्हणत आले. त्या दिवशी त्यांनी मान हलवली. "हो," म्हणाले, "त्यांनीच केलं." घरी आल्यावर हेडफोन, सगळ्या रेकॉर्ड्स, ती खरखरीची कॅसेटही त्यांनी पेटीत भरून गिरीशच्या हवाली केली. गिरीश "अरे, पण..." एवढंच म्हणाला आणि पेटी उचलून गेला. तो अजून येतो. दोघं बसतात. बोलायला त्यांच्याकडे एकच विषय होता, तोही आता नाही.

तेव्हापासून मी दिलीपरावांच्या कानात आहे. आंघोळीपुरतं सोडलं तर ते मला काढत नाहीत. झोपतानाही नाही. कानामागची कातडी सोलवटली आहे, नळीशी चिघळलं आहे. भाग्यश्री मॅडम रागावल्या, म्हणाल्या, कानाला हवा लागू द्या, रात्री तरी काढा. ते "हो, हो" म्हणाले, भाच्यांना म्हणायचे तसंच.

कांचनताईंना आता घरी आणलंय. दिवसभर दिलीपराव त्यांच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसतात, चांगल्या हाताच्या बाजूला. मी त्यांना काय ऐकवू? सलाइनच्या स्टँडचं चाक, घरी येणाऱ्या नर्सबाईंच्या चपला, पंखा. हे सगळं तर मला दाबायचं असतं, ते मी दाबतो. मग उरते ती शांतता, आणि तिच्यात ते कान लावून बसतात. दर थोड्या वेळानं वाकतात आणि म्हणतात, "कांचन, काय म्हणत होतीस? त्या दिवशी काय सांगायचं होतं? बोल ना. आता येतं ऐकू मला." त्या त्यांच्याकडे बघतात. तोंड वाकडं होतं आणि डोळ्यांतून पाणी येतं. ते पुसतात, आणि परत विचारतात. त्या बाईला त्या प्रश्नाचा केवढा त्रास होतो, हे मला रोज इतक्या जवळून कळतं, आणि त्यांना कळत नाही.

गेल्या आठवड्यात कांचनताईंनी डावा हात उचलला. फार वेळ लागला. तो नवऱ्याच्या गालाजवळून गेला. दिलीपरावांना वाटलं, त्या गोंजारताहेत, म्हणून त्यांनी डोळे मिटून मान पुढे केली. कांचनताईंनी मला चिमटीत धरलं आणि उपसून काढलं.

मी चादरीवर पडलो. त्यांनी मला बोटानं दूर ढकललं. मग तोच हात त्यांनी त्या सोलवटलेल्या कानामागे ठेवला आणि मागच्या, भट्टीच्या खोलीच्या दाराकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा दाराकडे. ज्या बाईनं मला या घरात आणलं, तिनंच मला रजा दिली होती. आणखी कोणत्या शब्दांत सांगायचं माणसानं?

दिलीपरावांनी घाईघाईनं मला उचललं, शर्टाला पुसलं आणि परत कानात घातलं. "लागलं का तुला? चुकून निघालं का?" ते म्हणाले. "हे बघ, घातलं. आता बोल."

काल कांचनताईंनी मला पुन्हा काढलं. आज सकाळीही. दर वेळी दिलीपराव मला परत घालतात.

दिलीपराव, मी तुमच्या कानात बसून सांगतोय आणि तुम्हालाच ते ऐकू येत नाही. त्या जे सांगताहेत ते बोलणं नाही, म्हणून मला ते पोचवता येत नाही. उद्या त्या मला काढतील. मला तिथेच पडू द्या.