कोरड्या मातीत न दिसलेला

धाकटा दीर गेला त्याच आठवड्यात ती कामावर परतली. सुरुंग शोधणाऱ्या तुकडीत जमिनीखालचं दाखवणारं रडार चालवणारी माणसं मोजकीच, त्यामुळे कुणी नको म्हटलं नाही.

ओढ्यापलीकडची पट्टी उन्हाळ्यात तिनेच तपासली होती. रडारचा पडदा नितळ होता, म्हणून धोक्याच्या लाल फिती काढल्या. मग दीर तिथे कुंपणाचे खांब रोवायला गेला आणि सुरुंग फुटला.

"प्लास्टिकचा सुरुंग आणि कोरडी ठाक वाळू, रडारला दोन्ही सारखंच," तुकडीचे प्रमुख म्हणाले. "माती ओलसर असती तर उठून दिसला असता."

"आणि चिखल असता तर?"

"तर रडारची लाट पाण्यातच जिरली असती. काहीच कळलं नसतं. यात तुझी चूक नाही."

तिने मान डोलावली. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चालल्यासारखं तिला वाटत होतं.

आता पट्टी नव्याने तपासायची होती. टँकर सुरक्षित वाटेवर उभा करून लांबूनच पाण्याचा बारीक फवारा मारला. पाणी मुरेपर्यंत सगळे सावलीत बसून राहिले. मग ती गुडघे टेकून यंत्र पुढे सरकवत निघाली. बाभळीजवळ पडद्यावर काळा उंचवटा उमटला, अगदी स्पष्ट. उन्हाळ्यात याच बाभळीखाली बसून तिने डबा खाल्ला होता.

तिने निशाण रोवलं. ते अगदी सरळ उभं राहिलं. वाकडं जायला हवं होतं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"घरी जातेस का?" प्रमुखांनी विचारलं.

"कशाला? अर्धी पट्टी राहिलीय अजून."

संध्याकाळी धाकटी जाऊ ओट्यापाशी उभी होती. गावात बातमी आधीच पोचली होती.

"दिसला का, ताई?"

"आज एक दिसला."

"मग तेव्हा का नाही?"

"तेव्हा माती कोरडी होती."

जावेने गॅस बंद केला. सांडशीने पातेलं उतरवलं, झाकण ठेवलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"हात धुऊन घ्या. वाढते."

दोघी जेवायला बसल्या. भाजीत मीठ होतं की नव्हतं, तिला कळलं नाही. जावेनेही मागितलं नाही.

"उद्याही पाणी मारणार?"

"हो. ओढ्याच्या काठापर्यंत."

"मी येऊ? लांबूनच बघीन."

जावेला तिथे काय बघायचं असेल, हे विचारावंसं तिला वाटलं, पण विचारायला जीवच झाला नाही.

"ये," ती म्हणाली आणि पोळीचा तुकडा मोडला.